दहा कप चीज आणि मधली मी

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत का नाही?"

हा प्रश्न आई-बाबांना विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. मी काय घाबरते की काय! विचारला. आई म्हणाली, "त्यांना विचार." बाबा म्हणाले, "तिला विचार." पैज जिंकले, उत्तर मात्र लटकलं!

आमची छोटी बेकरी आहे. मागच्या खोलीत बाबा पीठ मळतात, पुढे गल्ल्यावर आई असते, आणि मधल्या दारात मी. बाबा सगळं कपानं मोजतात. आई वजनकाट्याशिवाय मीठसुद्धा उचलत नाही. दोघांचं बोलणं माझ्यामार्फत. म्हणजे मी घरातलं टपाल खातं, तेही बिनपगारी! पण मी हुशार. निरोपातलं तिखट वाटेतच काढून टाकायचे. म्हटलं, असं गोड गोड पोचवत राहिले की एक दिवस बोलतीलच.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्यासाठी चीज-बनची ऑर्डर होती. बाबा आतून ओरडले, "सांग तिला, दहा कप किसलेलं चीज!"

"कप-बिप मला कळत नाही. ग्रॅममध्ये सांगायला सांग," आई म्हणाली.

त्यात काय विचारायचं? कप अडीचशे मिलिलिटरचा, म्हणजे अडीचशे ग्रॅम. दहा कप म्हणजे अडीच किलो! मी तिथल्या तिथे ठोकून दिलं.

"अडीच किलो? विचार त्यांना, डोकं फिरलंय का!"

मी आत जाऊन म्हटलं, "आई म्हणतेय, नक्की ना?"

"मला मोजायला शिकवू नको म्हणावं!"

मी बाहेर येऊन म्हटलं, "बाबा म्हणतायत, अगदी नक्की."

आईनं किसलं. परातीत चीजचा डोंगर! बाबांचे डोळे पांढरे झाले. "ही नासाडी मुद्दाम चाललीय का? विचार तिला!"

मी आईला सांगितलं, "बाबा म्हणाले, छान किसलंयस." आई चक्क हसली. मग मला चेवच आला. आत जाऊन म्हटलं, "आई म्हणतेय, या वेळी सढळ हातानं घालू या." बाबांनी परात जवळ ओढली. मग म्हणाले, "बरं. तिच्या मनासारखं होऊ दे." आणि सगळं घातलं!

पुढचं काय सांगू! बन फुगलेच नाहीत. चीज उतू जाऊन ओव्हनच्या तळाशी जळलं, धूर रस्त्यापर्यंत गेला, आणि ट्रेमधून निघाली ती एकसंध पिवळी चटई. बन न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी एक कोपरा चावून बघितला, गालावर हात ठेवला आणि ऑर्डर रद्द करून निघून गेल्या.

तेव्हा आई-बाबा एकमेकांशी बोलले. थेट!

"अडीच किलो तुम्हीच मागितलंत!"

"मी दहा कप म्हटलं! किसलेलं चीज कपात भुसभुशीत बसतं, निम्मी हवाच! सव्वा किलोसुद्धा भरलं नसतं!"

"मग सढळ हातानं कुणी घातलं?"

"तूच म्हणालीस ना!"

"मी? मी तर डोकं फिरलंय का विचारलं होतं!"

"आणि मी नासाडी म्हटलं होतं!"

दोघं हळूच माझ्याकडे वळले. आईचा चेहरा असा उतरला, की चीजचं कुणाला काय पडलंय! "म्हणजे ते... छान किसलंय, हेही तूच?"

मी मान खाली घातली.

"हिच्यासाठी गप्प बसून तुमच्याबरोबर दिवस काढले मी," आई म्हणाली.

"मग मी काय हौसेनं राहिलो? मीही हिच्यासाठीच!"

किती दिवसांनी एकमत झालं होतं दोघांचं! मी हात पुसले, ताठ उभी राहिले आणि सांगितलं, "आई, बाबा, माझ्यासाठी एकत्र राहणं आजपासून बंद. तुम्ही वेगळं व्हायचं, मी ठरवलंय. आणि हा कुणाचा निरोप नाही, माझं स्वतःचं म्हणणं आहे!"