बागूलसाहेबांचा मोबाइल

कापडाच्या दुकानात बिल करताना काउंटरवरची मुलगी मोबाइल नंबर विचारते, तेव्हा तुम्ही-आम्ही काय करतो? पोपटासारखा सांगून मोकळे होतो. आमच्या शेजारचे बागूलसाहेब तिला विचारतात, "कशाला? शर्ट मी घालणार आहे. माझा मोबाइल घालणार नाहीये." मुलगी म्हणते, सर, नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही. मग साहेब शर्ट काउंटरवर परत ठेवतात आणि खिशातून पेन काढतात. "असं? मग नंबर दिल्याशिवाय शर्ट मिळणार नाही, एवढं लेखी द्या."

त्यानंतर मॅनेजर येतो, आणि मॅनेजर आला की सिस्टीम बरोब्बर पुढे जाते. हे मी स्वतः पाहिलंय, कारण त्या दिवशी त्यांच्या मागे रांगेत दोन टॉवेल घेऊन मी उभा होतो. साहेबांना आपण ओळखतच नाही अशा चेहऱ्याने मी छताचे पंखे बघत राहिलो. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं होतं. आता आठवलं की कान गरम होतात.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. इंदिरानगरात आमची चोवीस फ्लॅटची बिल्डिंग आहे. दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या दारात बागूलसाहेब राहतात. वय एकाहत्तर. बायको पाच वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. मूळचे सटाण्याकडचे. शांत असले की पुस्तकासारखं मराठी बोलतात आणि डोकं फिरलं की अहिराणीत उतरतात. "हाई काय शे?" असा आवाज जिन्यात घुमला, की कुरिअरवाला आला आणि ओटीपी मागतोय, हे आम्ही घरात बसून ओळखतो.

सगळी नोकरी त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. सटाणा, देवळा, वणी, सगळीकडचे आठवडी बाजार पालथे घालून लोकांचे काटे तपासले. नोकरी संपली, पण सवय काही जाईना. आमच्या कोपऱ्यावरचा मिठाईवाला खोक्यासकट पेढे तोलतो. पण साहेब रस्ता ओलांडताना दिसले, की तो मुकाट्याने खोका काट्यावरून खाली ठेवतो. पेट्रोल पंपावर ते पाच लिटरचं माप मागतात आणि त्यात पेट्रोल मोजून दाखवायला लावतात. मागे वीस गाड्या हॉर्न वाजवत असतात. साहेब वळून त्यांना सांगतात, "तुमच्यासाठीच चाललंय."

हे झालं बाजाराचं. पण त्यांचा खरा दावा मोबाइल कंपन्यांवर होता.

गेल्या वर्षी मी सोसायटीसाठी गेटवरचं अ‍ॅप आणलं. कोण आलं, कोण गेलं, सगळं फोनवर कळणार. तेवीस घरांनी 'मला मान्य आहे' हे बटण दाबलं. चोविसाव्या घराने त्या अटींची झेरॉक्सच्या दुकानातून छापील प्रत काढली. चांगली चाळीस-बेचाळीस पानं निघाली. साहेबांनी तीन दिवस बसून ती लाल पेनने वाचली आणि सर्वसाधारण सभेत उभे राहिले. "सेक्रेटरी, पान सव्वीस. तुमच्याकडे किती वाजता कोण आलं, ही माहिती कंपनी तिच्या भागीदारांना देऊ शकते. हे भागीदार कोण? तुमचे व्याही का?"

सभा हसली. मीसुद्धा हसलो, पण मला झोंबलं होतं. म्हटलं, "साहेब, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? कर नाही त्याला डर कशाला?" टाळ्या पडल्या. साहेब खाली बसले. त्यांच्या घरी येणारा पाहुणा आजही वॉचमनच्या वहीत नाव लिहूनच वर येतो. आता पाहुणा म्हणजे कोण, तर गॅसवाला आणि मीटरचं रीडिंग घेणारा.

एकदा कंपनीने काहीतरी अपडेट पाठवलं आणि त्यांच्या फोनच्या पडद्यावर उभी हिरवी रेघ आली. तक्रार करायला गेले, तर समोर 'रिया' नावाची मदतनीस. ती माणूस नाही, यंत्र उत्तरं देतं, हे मी चारदा सांगितलं. साहेबांनी तिला सविनय नमस्कार घालून पत्र लिहिलं आणि शेवटी विचारलं, "आपले आडनाव, हुद्दा व आपले वरिष्ठ कोण, हे कळवावे." रियाने उत्तर दिलं, 'तुम्हाला मदत करून आनंद झाला.' साहेबांनी ते छापून फाइलला लावलं. सात महिने ते ग्राहक आयोगात खेपा घालत होते. शेवटी कंपनीने फोन बदलून दिला. त्याचे पेढे त्यांनी उरलेल्या तेवीस घरांत वाटले, अर्थात खोक्याशिवाय तोललेले.

त्या दिवशी पेढा देताना दारातच उभे राहून ते मला म्हणाले होते, "व्यापारी काट्याच्या पारड्याखाली लोहचुंबक चिकटवायचा. मी हात घालून काढायचो. पण या कंपन्यांचा काटा मला दिसतच नाही हो. हात घालायचा कुठे?" मी "हो ना, हो ना" केलं आणि दार लावलं. आत मॅच चालू होती. माणूस बोलायला आला होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. इतका वेळ मी ती टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

दोन महिन्यांपूर्वीचा शनिवार. सोसायटीच्या मीटरच्या कामासाठी मी आणि साहेब वीज कार्यालयात गेलो होतो. अशा ठिकाणी मी त्यांना हटकून नेतो. तिथे त्यांचं 'लेखी द्या' कामाला येतं. काम झालं. चारच्या सुमारास माझ्या स्कूटरवरून परत येत होतो, तर एका चौकात पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या.

"गाडी बाजूला घ्या. मोबाइल काढा. लॉक उघडा," एक तरुण पोलीस म्हणाला. नशेच्या गोळ्या विकणाऱ्यांविरुद्ध मोहीम होती म्हणे. येईल त्याचा फोन घेऊन चॅट आणि फोटो बघत होते.

मी फोन काढला. नुसता उघडून दिला नाही, तर "साहेब, फोटो इकडे आहेत" म्हणून जागासुद्धा दाखवली. त्याने माझे गुड मॉर्निंगचे गुलाब बघितले, कंटाळला आणि फोन परत दिला. मी त्याला 'थँक्यू' म्हटलं. कशाबद्दल, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

मग बागूलसाहेबांची पाळी आली. त्यांनी फोन शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवला.

"कोणत्या कलमाखाली बघताय? लेखी द्या."

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"झडती घ्या. पिशवी बघा, गाडी बघा, माझे खिसे बघा. फोन उघडणार नाही."

पोलिसाने फौजदाराला बोलावलं. फौजदार वयाने माझ्याएवढा, उन्हात उभा राहून वैतागलेला. लोक जमायला लागले. मागच्या गाडीवरचा एक जण व्हिडिओ काढत होता. मी म्हटलं, "द्या ना साहेब. काय एवढं आहे त्यात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे तुमचे कोण?" फौजदाराने मला विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "शेजारी आहेत. थोडे विक्षिप्तच आहेत."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे बोललो, "त्यांचा लॉकचा नंबर मला माहीत आहे."

तो मला माहीत होता, कारण गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा पंधरा दिवस दारात उभ्या उभ्या मीच त्यांना फोन लावून देत होतो. विश्वासाने त्यांनी तो मला सांगितला होता. आता भर चौकात मी तो एकेक आकडा करत पोलिसाला सांगितला. साहेबांच्या खिशातून फोन काढून घेतला गेला. आकडे दाबले. उघडला नाही. पुन्हा दाबले. नाही.

"बदललाय," साहेब म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं, आता अहिराणी सुरू होईल. पण त्यांनी एक शब्दसुद्धा मोठ्याने काढला नाही.

त्यांना जीपमध्ये बसवून चौकीवर नेलं. पोलीस मला म्हणाले, तुम्ही जा. आणि मी गेलो. घरी जाऊन मी चहा प्यायलो.

पुढचं सांगायची तर जास्तच लाज वाटते. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये चार टाळकी जमली होती. त्यांना मी हा किस्सा रंगवून सांगितला. फौजदाराचा आवाज काढला, साहेबांचा काढला. लॉकचा नंबर मीच दिला, हे तेवढं गाळलं. सगळे पोट धरून हसले. "बसू द्या म्हाताऱ्याला दोन तास, खोड मोडेल," कोणीतरी म्हणालं. मीच म्हणालो असेन.

साडेसात वाजता जेवायला बसलो, तेव्हा तोच किस्सा बायकोला सांगायला घेतला. आमची केतकी समोर बसली होती. वीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. 'फोन' हा शब्द आला आणि तिचा हात ताटातच थांबला.

"उघडला का त्यांनी?" तिने विचारलं. "बाबा, फोन उघडला का?"

"नाही. तुला काय करायचंय?"

ती रडायला लागली. मग हुंदके देत जे सांगितलं, ते असं. कोणीतरी तिचा चेहरा एका घाणेरड्या फोटोला चिकटवून इंटरनेटवर टाकला होता. तिने कंपनीकडे तक्रार केली, तर 'आमच्या नियमांचा भंग झालेला नाही' असं उत्तर आलं. तीन रात्री ती झोपली नाही. चौथ्या दिवशी कॉलेजला जाते सांगून समोरच्या दारात गेली. साहेबांनी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्रं लिहिली, रजिस्टर केली, मुदती मोजल्या आणि तो फोटो इंटरनेटवरून काढून टाकायला लावला. पोलिसांत द्यायचा अर्जसुद्धा त्यांनी लिहून ठेवला होता. तुझी हिंमत होईल त्या दिवशी मी बरोबर येईन, म्हणाले होते.

"तो फोटो मला माझ्या फोनमध्ये सहन होत नव्हता," केतकी म्हणाली. "बागूल आजोबा म्हणाले, पुरावा पुसायचा नसतो, पण तो तूच जवळ बाळगला पाहिजेस असंही नाही. माझ्या फोनमध्ये ठेव. मी पाठवत होते, तेव्हा ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसले होते. आणि लॉकचा नंबर त्यांनी माझ्यासमोर बदलला. म्हणाले, जुना तुझ्या बाबांना माहीत आहे."

मी ताट बाजूला सारलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही आधी विचारलं असतं, स्वतःचा फोटो टाकलासच कशाला."

खरं होतं. मी हेच विचारलं असतं. आत्तासुद्धा ते माझ्या जिभेवर आलं होतं.

मी स्कूटर काढली. केतकी मागे बसली. चौकीबाहेर ती थांबली आणि मी आत गेलो. साहेब बाकावर ताठ बसले होते. फोन त्यांच्या मांडीवर, त्यावर दोन्ही हात. फौजदाराने मला बघून हात जोडले. "घेऊन जा हो यांना. चार तास आम्हाला कायदा शिकवतायत." बंदच फोन त्याने परत देऊन टाकला होता. "चार तास बसवून ठेवल्याची नोंद करा," साहेब म्हणाले. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बाहेर येताना मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. साहेब म्हणाले, "पाणी आहे का गाडीत?" पाणीसुद्धा नव्हतं.

दिव्याखाली केतकी उभी होती. तिला बघून साहेब जागच्या जागी थबकले, मग मोठ्याने हसून म्हणाले, "अरे, ही तुमची कन्या ना? काय गं, कितवीला आहेस तू आता? आपली कधी गाठच पडत नाही."

ज्या माणसाने जन्मात खोटं माप चालू दिलं नाही, तो माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलत होता. नीट जमतही नव्हतं त्यांना.

"आजोबा, मी सांगितलं बाबांना," केतकी म्हणाली.

साहेबांचं हसू गेलं. ते दोन पावलं पुढे झाले आणि तिच्या आणि माझ्या मधे येऊन उभे राहिले.

"तिला ओरडलात का?"

भर चौकात फौजदारालासुद्धा त्यांनी इतक्या कडक आवाजात विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"ओरडू नका. पाच वर्षांत माझ्या घरी येऊन बसलेली ती एकटीच आहे." आणि मग एकदम संकोचून, "म्हणजे, कामासाठीच आली होती."

स्कूटरवर तिघं मावणार नव्हतो. घर दीड किलोमीटर होतं. साहेब म्हणाले, मी चालत येतो, आणि चालायलाही लागले. बाकावर बसून त्यांचे गुडघे आखडले होते. केतकीने पुढे होऊन त्यांचा कोपर धरला. रस्त्याने जाताना माझा हात धरणं तिने कधीच सोडून दिलंय.

मी स्कूटर सुरू केली नाही. ती ढकलत त्या दोघांच्या मागून चालत राहिलो. पुढे या, असं ते म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.