साठवरून शून्यावर

गाडी पळते किती, हे सोनवणे काकांनी मला एकदाही विचारलं नाही. शपथ! मी सुरतेत सेकंडहँड लक्झरी गाड्यांच्या शोरूममध्ये काम करायचो. तिथे प्रत्येक माणूस आत आल्या आल्या तेच विचारतो, शून्यावरून शंभर किती सेकंदांत? मला तर सगळे आकडे तोंडपाठ. आणि हे काका पहिल्याच दिवशी काळ्या जर्मन सेडानसमोर उकिडवे बसले, चाकाच्या फटीतून आतली ब्रेकची डिस्क बघितली आणि म्हणाले, "ते राहू दे भाऊ. थांबते कशी, ते सांग."

पायात निळ्या पट्ट्यांची स्लिपर, हातात कापडी पिशवी. दुसऱ्या गावात वॉचमनने दारातूनच परत पाठवलं असतं. पण हे सुरत आहे बॉस! इथे स्लिपर घालून येणारा माणूस कापडाच्या शंभर लूमचा मालक निघतो आणि उभ्या उभ्या गाडी घेऊन जातो. आमचे मॅनेजर चिरागभाई तर स्लिपर दिसली की खुर्चीतून उठायचेच. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "निखिल, मोटी पार्टी छे. तुझी भाषा बोलतात. जा, चिकटून जा."

मी चिकटलो. भागच होतं. तीन महिने झाले होते आणि माझ्या नावावर एक गाडी नव्हती. महिनाअखेरीपर्यंत एक बुकिंग, नाहीतर घरी बस, असं चिरागभाईंनी सांगून टाकलं होतं.

मी ऐटीत ड्रायव्हरच्या सीटचं दार उघडून दिलं, तर काका वळसा घालून डावीकडे जाऊन बसले. "तूच चालव. मला वळवता येत नाही." म्हटलं, असेल घरी ड्रायव्हर. मालक लोकांचं असंच असतं.

निघालो. पहिला सिग्नल आला आणि काका एकदम ताठ झाले, हात पुढे केला आणि ओरडले, "लाल!"

मी दचकून ब्रेक दाबला.

"तू पण म्हण."

"काय?"

"लाल. मी बोललो की तू बोलायचं. एकाला चुकीचं दिसलं तर दुसऱ्याला बरोबर दिसलं पाहिजे ना?"

मग काय, हजिऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आमचं "हिरवा!" "हिरवा!" चालू. शेजारच्या रिक्षातल्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एसी गाडी, काचा बंद, तरी ऐकू जात होतं, विचार करा!

त्या रस्त्याला एका बंद गोडाऊनचं मोठं आवार आहे. आत सरळसोट काँक्रीटचा पट्टा. आमच्या टेस्ट ड्राइव्ह तिथेच व्हायच्या. काकांनी उतरून एक स्लिपर पट्ट्याच्या कडेला ठेवली आणि परत येऊन बसले. "मागे घे. साठने ये. स्लिपरपाशी ब्रेक. पूर्ण." गाडी थांबली की खाली उतरायचे आणि एक पाय अनवाणी, ओठ हलवत, स्लिपरपासून बंपरपर्यंत पावलं मोजत यायचे.

"एकोणीस. बेस शे."

खानदेशात 'बेस शे' म्हणजे छान आहे. एवढ्या गाडीचं कौतुक दोन शब्दांत! मी चिडलोच. ती काळी जर्मन म्हणजे काय सांगू तुम्हाला! स्पोर्ट मोडला टाकली की सीट दोन्ही बाजूंनी कंबर धरते, स्टिअरिंग जड होतं आणि पाय दाबला की डोकं मागे आपटतं. मी विचारलं, "काका, पिकअप कसा वाटला?" म्हणाले, "पाय लागला की लगेच धरते. शंका घेत नाही." पिकअपचं नाही, ब्रेकचं सांगत होते!

पुढच्या शनिवारी चंदेरी ब्रिटिश गाडी. पैसे असते तर मी हीच घेतली असती. खड्ड्यावरून गेली ते कळतच नाही. काका म्हणाले, "ही आधी विचार करते, मग थांबते. आणि थांबताना नमस्कार घालते." आणि खरंच की! नाक खाली वाकायचं तिचं. मी ती गाडी वीस वेळा चालवली असेल, कधी लक्षातच आलं नव्हतं. तिसऱ्या शनिवारी दुसरी जर्मन, पांढरी, लांबलचक, मागच्या सीटवर खुशाल झोपावं अशी. तेवीस पावलं. "वजन ऐकत नाही हिचं," काका म्हणाले आणि स्लिपर उचलून गाडीत जाऊन बसले.

चौथा शनिवार महिन्याचा शेवटचा. काकांनी काळीच परत मागितली. म्हटलं, झालं बुकिंग! आवारात पोचून खाली उतरल्या उतरल्या मी विचारून टाकलं, "काका, हीच फायनल ना? तुमचे लूम कुठे, कडोदऱ्याला?"

"लूम?" काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे मी भुसावळचा. मालगाडीचा ड्रायव्हर. रिटायर झालो, आता उधन्याला लेकीकडे राहतो. आयुष्यभर गाडी चालवली भाऊ, वळवली कधी नाही."

मग त्यांनी माझं तोंड बघितलं. "तुला कोणी बोलंल का?"

"नोकरी जाईल," मी म्हणालो. रागानेच. "मग चार शनिवार येत कशाला होतात? टाइमपास?"

काका पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले.

"नवापूरच्या पुढं एक वळण आहे. वळण सुटलं आणि रुळावर बाई. डोक्यावर लाकडं. सगळा ब्रेक टाकला मी, हॉर्न धरून ठेवला. पण भरलेली मालगाडी, पोरा. तू ब्रेक लावलेला असतो आणि ती जातच राहते. तेवढा वेळ तू नुसता बघतो." मग पिशवी काखेत मारून म्हणाले, "ड्रायव्हरची चूक नाही, असं लिहिलं साहेबांनी. बरोबरच लिहिलं. एवढ्याशा जागेत थांबणारं काहीतरी असतं, ते बघायला येतो मी."

तेवढ्यात चिरागभाईंचा फोन. काळ्या गाडीसाठी दुसरी पार्टी टोकन द्यायला बसली होती. "वीस मिनिट मां आव, तुझ्या नावावर लिहितो. उशीर केलास तर दुसऱ्याच्या नावावर." माझं बुकिंग! माझी नोकरी! फोनमधला आवाज काकांनीही ऐकला. "चल पोरा, चल लवकर," म्हणत ते डावीकडे निघाले.

मी उजवीकडचं दार उघडलं. "बसा."

"मला वळवता येत नाही."

"वळवायचंच नाहीये. सरळ आहे सगळं."

ते बसले. मी शेजारी, एक हात स्टिअरिंगवर. उजवीकडचं पेडल चालायला, डावीकडचं थांबायला. वीस, तीस, चाळीस. काकांनी काहीच न सांगता ब्रेक दाबला. सीटबेल्ट छातीत रुतले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

ते काचेतून समोर बघत राहिले. खिशात फोन परत वाजायला लागला. मी तो बंद केला. मग हळूच म्हटलं, "काका, आता पाय उचलला तरी चालेल."

"थांब जरा," काका म्हणाले. "तिला पलीकडे जाऊ दे. डोक्यावर ओझं आहे."