शालूबाईंच्या साडीचा पुरावा

पुलगावचे खत-बियाण्यांचे व्यापारी प्रभाकरराव यांच्या मुलीचं, उज्ज्वलाचं, लग्न २००६च्या मे महिन्यात कारंज्याच्या मुलाशी झालं, आणि तिच्या सासूबाई शालूबाई त्याच दिवशी रुसल्या. मांडवात चारचौघांत मानाची साडी दिली नाही, निघताना पिशवीत कोंबली, असं त्या घरोघरी सांगत होत्या. टोमणे मात्र उज्ज्वलाच्या वाट्याला येत होते.

शूटिंगवाल्याने तीन महिन्यांनी सीडी दिली. प्रभाकररावांनी लगेच शालूबाई आणि त्यांचे यजमान बाबाराव यांना रविवारी जेवायला बोलावलं. पुरावाच समोर ठेवायचा होता.

रविवारी सकाळी त्यांनी सीडी लॅपटॉपमध्ये घातली. ड्राइव्हने दोनदा घरघर केली आणि सीडी बाहेर टाकली. शेजाऱ्याचा प्लेअर मागणं प्रभाकररावांच्या तत्त्वात बसत नव्हतं. लेन्सवर धूळ बसली असेल, असं जावयाने फोनवर सांगितलं आणि पुसायची रीतही सांगितली. पण रीत ऐकून घेण्याइतके प्रभाकरराव अडाणी नव्हते. वीस वर्षं त्यांनी टेपरेकॉर्डरचं हेड स्वतः साफ केलं होतं.

त्यांनी ड्राइव्हचा ट्रे ओढला. मसुरीच्या दाण्याएवढी लेन्स दिसली. आधी त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली. मग अत्तराचा फाया फिरवला. आता ड्राइव्हला वास छान येत होता, पण ती सीडी घ्यायलाच तयार नव्हती. तेव्हा त्यांनी उशी उसवून कापूस काढला आणि लेन्स घासली. कापसाचे तंतू आत अडकले.

हे सगळं त्यांच्या पत्नी अनुसयाबाई भाजी निवडता निवडता पाहत होत्या.

"काऊन घासून राह्यले? ते काय पितळंचं भांडं हाय?"

"तुले यातलं काय समजते?" प्रभाकरराव म्हणाले आणि आंघोळीला गेले.

अनुसयाबाईंनी जावयाला फोन लावला. त्याने सांगितल्याप्रमाणे मेडिकलमधून स्पिरिट मागवलं, चिमट्याने तंतू काढले, कान साफ करायच्या काडीला थेंबभर स्पिरिट लावून लेन्सवर हलकेच फिरवलं आणि ती वाळू दिली. सीडी मुकाट्याने सुरू झाली. त्यांनी ती बंद केली आणि पोळ्या लाटायला गेल्या.

जेवणं झाल्यावर प्रभाकररावांनी पाहुण्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. लेन्स कशी बिघडली आणि आपण ती कशी दुरुस्त केली, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. अनुसयाबाई मागे उभ्या राहून सुपारी कातरत होत्या.

चित्र लख्ख आलं. भर मांडवात, शंभर माणसांसमोर, अनुसयाबाई शालूबाईंची ओटी भरून साडी देत होत्या. शालूबाईंचा चेहरा उतरला. बाबाराव घसा खाकरून म्हणाले, "दिली होती तं मंग."

प्रभाकररावांनी लॅपटॉपचा आवाज मोठा केला. कॅमेरा अजून विहीणबाईंवरच होता. साडी घेऊन त्या वळल्या होत्या. शूटिंगवाल्याच्या अगदी शेजारून प्रभाकररावांचाच आवाज आला, कुणाला तरी सांगणारा: "मामीच्या आहेरातली हाय ते. आपल्या घरी कोणी नेसत नाई. घडी मोडली नाई, त्यायले काय समजते."

सीडी पुढे चालत राहिली. शालूबाईंचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला, किंबहुना उजळला.

"लेन्स मातर तुम्ही लय झकास साफ केली, ईवाईबुवा," त्या व्याह्यांना म्हणाल्या.

तीस वर्षांच्या संसारात प्रभाकररावांनी पहिल्यांदाच बायकोला श्रेय दिलं.

"म्या नाई," ते म्हणाले. "अनुसयानं केली."