गच्चीवरचं साम्राज्य

सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीखाली लाल पेनाने 'साम्राज्याचा निषेध' असं लिहिणारा माणूस आमच्याच अपार्टमेंटमध्ये राहतो. देवरावकाका. अक्षर मात्र सुरेख, कारण हिवरखेडच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि मग अकोल्याला आले.

या निषेधाचं मूळ त्यांच्या मोबाइलवरच्या एका जपानी ॲनिमेत आहे. साम्राज्य एका बेटावर चालून येतं, रस्ते देतं, वीज देतं आणि त्याचा गव्हर्नर बंदराला कुलूप ठोकतो. लोक आधी कुरकुरतात, मग त्यांना सवय होते. काकांनी ते हिंदीतून इतक्यांदा पाहिलंय, की लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला चौथ्या मजल्यापर्यंत अख्खं बंड ऐकावं लागतं. शेवट ठरलेला. "कुलूप पयले लागते बाप्पा, कायदा मंग येते."

मी हसून सोडून द्यायचो. पण ऐन एप्रिलात अध्यक्षांनी गच्चीवर सोलर बसवलं आणि दाराला खरंच कुलूप लागलं. दर उन्हाळ्यात तिथे बायकांनी काडीवर वळलेले, शेवयांसारखे गव्हाचे सरगुंडे वाळायचे आणि काका डोक्याला ओला दुपट्टा बांधून, काठी घेऊन कबुतरं हाकत बसायचे.

रविवारी सकाळी काका दारात उभे. हातात हातोडा.

"चाल," म्हणाले.

मी गेलो, तो त्यांना आवरायला. वर अध्यक्ष दार अडवून उभे होते. जिन्यात माणसं जमली.

"काका, कुलपाले हात लावला त पोलिसले फोन करीन."

"गव्हर्नरबी हेच म्हने. लोकायची गच्ची हाय ही."

काकांनी हातोडा उचलला. अध्यक्ष हलेनात.

"कोन्त्या लोकायची?" अध्यक्ष म्हणाले. "इचारा ना सगळ्यायले. कोनाले वाळू घालाचे हायेत सरगुंडे?"

ॲनिमेत इथे अख्खं बेट उठतं म्हणे. आमच्या जिन्यात कुणी चूं केलं नाही. हल्ली सगळ्यांकडे बचत गटाच्या सरगुंड्यांची तयार पाकिटं येतात. बायका चपलांकडे पाहत राहिल्या.

हातोडा हळूहळू खाली आला.

"मंग म्या दिवसभर कुठी बसू?" काका म्हणाले.

काकू गेल्यापासून त्यांच्या घरी कोण जातं, हे मी आठवून पाहिलं. कुणीच आठवेना.

"मले घालाचे हायेत," मागून माझी बायको म्हणाली. ती अंजनगावची, सरगुंड्यांच्याच मुलखातली, पण आजवर तिने एक सरगुंडा वळलेला नाही. "उद्याच."

अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने दोन पाकिटं फोडली, परातीत पसरली आणि गच्चीवर ठेवून आली. काका दिवसभर राखण करत बसले.

संध्याकाळी परात घेऊन दारात आले. एक सरगुंडा उचलून त्यांनी बोटांत दाबला. तो कटकन मोडला.

"ओले हायेत अजून," काका तिला म्हणाले. "उद्याबी टाका लागन."