नेरिओच्या टॅक्सीतली गळती

"नुसता एसीचा गॅस भर गं, बाकी काही करत बसू नकोस!" गाडीतून उतरायच्या आधीच नेरिओने फर्मान सोडलं.

योलिमारने हातातली कॉफी खाली ठेवली आणि डोळे मिटून एक श्वास घेतला. महिन्याभरात ही गाडी तिच्या गॅरेजात तिसऱ्यांदा आली होती. नेरिओ शेअर टॅक्सी चालवायचा, आणि माराकाइबोच्या उन्हात एसी नसलेली टॅक्सी म्हणजे चाकांवरची भट्टी. लोक खिडकीतून आत हात घालून गारवा तपासत आणि सरळ मागच्या टॅक्सीत जाऊन बसत.

"गळती सापडल्याशिवाय मी गॅस भरत नसते. भरायचा आणि हवेत सोडायचा, हा काय खेळ आहे?"

"मग शोध की! दोनदा शोधलीसच ना!"

तो एवढ्या जोरात ओरडला की समोर एम्पानादा तळणारी बाई झारा हातात घेऊन बाहेर आली. योलिमारला ते 'दोनदा' झोंबलं. पहिल्या खेपेला तिने जोडन् जोड साबणाच्या फेसाने तपासला होता. एक बुडबुडा आला असेल तर शपथ. तरी तिने सगळी रबरी वायसरं बदलली आणि गॅसबरोबर चमकणारा रंगही आत सोडला. जिथून गॅस निसटेल तिथे हा रंग जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. दुसऱ्या खेपेला तो चमकला फक्त गॅस भरायच्या तोंडाच्या टोपणाखाली. तिने आतला वॉल्व्ह बदलला, नायट्रोजनचा दाब देऊन गाडी रात्रभर ठेवली. दाबाचा काटा तसूभर हलला नाही. "आता वर्षभर तोंड दाखवू नकोस," असं तेव्हा ती छातीठोकपणे म्हणाली होती.

आता तिने गॅस हुंगणारं यंत्र काढलं. बॉनेटखाली ते गप्प. पुढच्या खिडकीशी येताच मात्र ते किंचाळायला लागलं. खिडकीत नेरिओची आई, चिंकामावशी, पंख्याने वारा घेत बसली होती.

"हे मेलं माझ्यावर का भुंकतंय?"

"मावशी, केसांना काय फवारलंय?"

"चर्चला जायचंय मला. तशीच जाऊ होय?"

योलिमारने यंत्र ठेवून दिलं. शटर ओढलं, पिवळा चष्मा चढवला, जांभळा दिवा लावला. नळ्या स्वच्छ, जोड स्वच्छ. टोपणाखाली मात्र पुन्हा तोच हिरवा डाग. नवाकोरा वॉल्व्ह! तिला स्वतःच्याच डोक्यावर पाना मारून घ्यावासा वाटला.

"काय गं, सापडलं का?" म्हणत मावशी उतरून जवळ आली आणि तिने बॉनेटच्या कडेवर हात टेकला. तिचा अंगठा काजव्यासारखा हिरवा चमकला. केसातला काटाही चमकला.

योलिमारने तिचा हात धरला. अंगठ्याच्या टोकाला पांढरा फोड होता.

"मावशी! वॉल्व्हमध्ये केसातला काटा घालून गॅस सोडता तुम्ही? अंगठ्यावर निभावलं! डोळ्यात उडाला असता तर डोळा गोठला असता!"

"हळू बोल गं," मावशी कुजबुजली. "त्याने एसी लावला, काचा बंद केल्या. चर्चपर्यंत अख्खी गल्ली भेटते मला; आता नुसते ओठ हलताना दिसतात. शेजारच्या एमेरिताची सून बाळंत झाली, ते मला आठवड्याने कळलं! आठवड्याने!"

"आई!" नेरिओ मागेच उभा होता. "गिऱ्हाईकं पळाली माझी! तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तू काच वर केलीस."

शेवटी योलिमारनेच तोडगा काढला: चर्चपर्यंत काचा खाली, एसी बंद, नंतर टॅक्सी त्याची. मावशीने काटा तिच्या हवाली केला. योलिमारने उरलेला गॅस मशीनने ओढून घेतला, हवा पुरती काढली आणि नवा गॅस वजनावर मोजून भरला. बऱ्याच दिवसांनी ती त्या रात्री शांत झोपली.

दोन दिवसांनी गाडी पुन्हा दारात.

"आता काय झालं?" योलिमार ओरडली. "गार नाही?"

"बर्फासारखी गार आहे," नेरिओ रडवेल्या आवाजात म्हणाला.

गाडीत मावशी होती, शेजारी एमेरिता होती, मागे नटूनथटून चार म्हाताऱ्या दाटीवाटीने बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर तान्हं बाळ झोपलं होतं.

"खिडकीतून जो दिसेल त्याला आई आत बोलावते. पैसे घेऊ देत नाही, शेजारधर्म म्हणते. चर्च झालं तरी एकजणही उतरत नाही, घरात उकडतं म्हणे!" त्याने इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "योलिमार, ती गळती... तुझ्या हाताने परत पाडून देता येईल का?"