जाड तेल, पातळ तेल

डॉक्टर बाहेर आले तेव्हा माझ्या हातात चहाचे दोन कप होते. एक माझा, एक मेहुणीचा. त्यांनी सांगितलं, आणि मी "बरं" म्हणालो. मेहुणी भिंतीला टेकून खाली बसली. कप कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून मी ते धरूनच उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. पहिलं बोलली ते आईबद्दल.

"आईला फोनवर सांगायचं नाही, भावोजी. समोर बसून सांगायला हवं."

"मी सांगतो. जीप काढतो आणि उद्याच जातो. त्यात काय!"

'त्यात काय' हे दोन शब्द माणसाने जपून वापरावेत.

सासूबाई वर डोंगरात राहतात. एकट्या, शेळ्या घेऊन. कंबरेचं हाड मोडल्यापासून खाली उतरत नाहीत. तिथल्या रस्त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ सभ्यपणा म्हणून. दगड, चिखल आणि मधे एक ओढा. साधी गाडी तिथे जातच नाही. जाते ती आमच्या हिची जीप. ही जनावरांची डॉक्टर होती, तिची सगळी कामं अशाच रस्त्यांवर. जीप आमच्या लग्नापेक्षा वयाने मोठी. मला ती चालवायची परवानगी होती, बॉनेट उघडायची नव्हती. "तुमच्या शिलाई मशीन वेगळ्या आणि ही बाई वेगळी," असं ही म्हणायची.

लेकीला ताप आहे, दवाखान्यात ठेवलंय, एवढंच सासूबाईंना माहीत होतं.

सगळं आटोपलं. दुसऱ्या सकाळी मी बॉनेट उघडलं. आता अडवणारं कोणी नव्हतं. तेलाची पट्टी ओढून पाहिली तर टोकाला जेमतेम काजळ लागलेलं. तेल बदलायला झालंय, असं ताप यायच्या आधी ही म्हणाली होती.

आता तेल हा माझा प्रांत! मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. उभा जन्म तेलात गेला आहे. आमच्या धंद्यात उत्तम तेल म्हणजे पातळ तेल. पाण्यासारखं, बोटावर टिकणारसुद्धा नाही असं. जाड तेल घातलं की मशीन रुसलीच म्हणून समजा. तर तेल मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

गाड्यांच्या तेलाच्या दुकानदाराने विचारलं, "गाडी नवी की जुनी?"

हिच्या जीपला परक्या माणसासमोर जुनी म्हणणं मला जमेना.

"नव्यासारखी आहे! एकदम ठणठणीत!"

"मग हे घ्या. झिरो डब्ल्यू वीस."

"पातळ आहे ना?"

"याहून पातळ म्हणजे पाणीच!"

मी समाधानाने घरी आलो. जुनं तेल काढलं, नवं घातलं, जीप सुरू केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिथे लाल दिवा लागला. इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. मागे वळून पाहिलं तर फाटकापासून माझ्यापर्यंत रस्ता चकाकत होता! म्हाताऱ्या इंजिनाची रबरं झिजलेली, त्यातून ते पाण्यासारखं तेल पाण्यासारखंच बाहेर येत होतं.

जीप तशीच मागे अंगणात घेतली, खाली शिरलो आणि नेमके त्याच वेळी हिच्या दवाखान्यातले लोक सांत्वनाला आले. पुढे मोठे साहेब. चेहरा गंभीर, हात जोडलेले. जोडलेल्या हातांनीच ते फाटकापासून पायरीपर्यंत घसरत गेले! बाकीचे त्यांना धरायला धावले आणि त्यांच्यापाठोपाठ गेले. आपटलं कोणी नाही, पण सरळ उभंही कोणी राहीना. मी जीपखालून बाहेर आलो, तोंड काळं, कोपरापर्यंत तेल.

"काही बोला तुम्ही," साहेब म्हणाले. "मन मोकळं करा."

"गळतंय," मी म्हणालो.

त्यांनी मला मिठी मारली. त्यांचा शर्ट बहुधा वाया गेला.

संध्याकाळी मेहुणी धावत आली. "भावोजी, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून मला फोन आला! जीपखाली झोपता म्हणे?"

तिला समजावतोय तोवर शेजारचे ड्रायव्हरकाका आले. निवृत्त बसचालक. त्यांनी वाकून तेलात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तान्ह्या बाळाला तिखट चारलं होतं.

"अरे, हिला पातळ पाजलंस? म्हातारीला जाड लागतं. जाड!"

मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. सकाळी दुकानात गेलो.

"सगळ्यात जाड तेल द्या."

"कशासाठी हवंय? गाडी..."

"चौकशी नको! सगळ्यात जाड!"

त्याने गिअरचं तेल दिलं. गिअरपेटीत घालायचं. ते मी इंजिनात घातलं. घातलं म्हणजे काय, डबा उलटा धरून उभा राहिलो. मधूनमधून एक गोळा खाली उतरे. एवढ्या जाड तेलाची रबरातून गळायची काय बिशाद! गळलं नाहीच. पण थंडी मी म्हणत होती, आणि किल्ली फिरवल्यावर जीप फक्त "हं..." म्हणाली. खुर्चीतून उठायचा विचार करून परत बसलेल्या म्हाताऱ्यासारखी. पुन्हा फिरवली. "हं..." मग तेही बंद. बॅटरी बसली.

तेवढ्यात हिच्या माहेरची लांबची माणसं भेटायला आली. ड्रायव्हरकाकांनी त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत. "आधी ढकला!" डोळे पुसत पुसत सगळे जीप ढकलत होते. एक आजीबाई मागून "सावकाश रे, सावकाश" म्हणत येत होत्या. जीप कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

दुपारी मेहुणी माझ्या दुकानात आली. या वेळी ओरडली नाही. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"आईने शेजाऱ्यांच्या फोनवरून विचारलं. ताप उतरला का म्हणून. मी म्हटलं, उतरतोय." ती थांबली. "परत मला असं बोलायला लावू नका, भावोजी. नाहीतर मी चालत जाते वर."

"उद्या नक्की."

"कसल्या जोरावर नक्की? तेल तरी कळलंय का कुठलं ते?" असं म्हणत तिने माझ्या कोपराखालचा डबा ओढला. मी त्यात बॉबिनं ठेवतो. "हा डबा कुठला?"

"तिनेच दिला होता. रिकामा झाला म्हणून."

"वाचा."

जुन्या डिझेल इंजिनांसाठी. पंधरा डब्ल्यू चाळीस. अक्षरं चांगली बोटभर होती. कितीतरी वर्षं मी त्यावर कोपर टेकून मशीन दुरुस्त करत होतो.

तो डबा नेऊन दाखवला तेव्हा तेलाच्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. "पहिला आकडा थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा. पंधरा म्हणजे सकाळी गारठ्यात फिरेल एवढं पातळ, चाळीस म्हणजे तापल्यावर टिकेल एवढं जाड. तेव्हाच दिलं नसतं का मी? नवी की जुनी विचारलं होतं ना?"

मी नव्या तेलाचा डबा उचलला आणि निघालो.

काकांनी आणि मी मिळून गिअरचं तेल काढलं, इंजिन धुतलं, गाळणी बदलली, बॅटरी भरून आणली. सकाळी जीप एका किल्लीत सुरू झाली. मेहुणी बरोबर येते म्हणाली. मी नको म्हटलं. सांगतो म्हणालो होतो, तर सांगणार मीच.

ओढा ओलांडला, चढ चढला. फाटकाशी इंजिन बंद करायच्या आत सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या होत्या. तोंडभर हसू.

"आवाज ओळखला मी! म्हटलं, आली गं बाई माझी!"

त्या पलीकडच्या दाराकडे बघत होत्या. मी अलीकडून उतरलो.

"जावईबापू? तुम्ही एकटेच? आणि या रस्त्यावर तिने जीप दिली तुमच्या हातात?"

"आई, बसा जरा."

त्या बसल्या. मी समोर बसलो. समोर बसूनच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"तेल बदललं जीपचं," मी म्हणालो.

"तुम्ही? तुम्ही बदललंत?"

मग मी सगळं सांगितलं. पातळ तेल, जाड तेल, हात जोडून घसरत गेलेले साहेब. ते घरी का आले होते, ते गाळलं. जीप ढकलणारी माणसं सांगितली, ती कोण हे गाळलं. सासूबाई इतक्या हसल्या की काठी हातातून पडली. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि ती? ती काय म्हणाली हे ऐकून?"

"तिला नाही सांगितलं."

"सांगा हो! हसून हसून ताप उतरेल तिचा!"

निघताना त्यांनी हिच्यासाठी दुधाची बाटली दिली. फडक्यात गुंडाळून, सांडू नये म्हणून. मी ती पुढच्या सीटवर नीट टेकवून ठेवली आणि खाली आलो.

जीप आता उत्तम चालते. सासूबाईंना सांगायचं राहिलं आहे.