शैलाकाकू आणि चांदीच्या दूर्वा

शैलाकाकू सकाळी फिरायला निघतात तेव्हा त्यांच्या रेनकोटाच्या खिशातून लाटणं डोकावत असतं. एका हातात लांब दांड्याचं, खाली ताटलीसारखी चकती असलेलं मशीन, कानटोपीवर हेडफोन, पायात गमबूट. नेदरलँड्समधल्या आमच्या आल्मेरेतले लोक सभ्य आहेत. ते बघतात आणि बघितलं नाही असं दाखवतात.

लाटण्याला जबाबदार मी आहे. मी तळं वाचवणाऱ्या गटात काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, लोक ती कचऱ्यात टाकतात, मग मी कचऱ्यावर पत्रक लिहिते. काकूंनी मेटल डिटेक्टर घेतल्याचं कळलं तशी मी त्यांच्या दारात जाऊन नियम वाचून दाखवले. नगरपालिकेची परवानगी हवी, तीस सेंटिमीटरच्या खाली खणायचं नाही, खड्डा बुजवायचा. काकू आत गेल्या, लाटणं आणलं, पट्टीने मोजलं. बरोबर तीस भरलं.

"झालं. हे माझं सरकारी लाटणं," म्हणाल्या. "आता चहा घेणार का, पुढारीणबाई?"

आता आल्मेरेत खजिना कुठून येणार? माझ्या आजोबांचं लग्न झालं तेव्हा इथे समुद्र होता. समुद्र हटवून काढलेल्या या जमिनीखाली राजे नाहीत, शिंपले आहेत. पण काकूंना राजांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती: चांदीच्या दूर्वांची जुडी, बोटाएवढी. परदेशी निघताना सासूबाईंनी दिलेली.

ती गेली कशी, तेही सांगते. गेल्या गणपतीत मी 'विसर्जन घरी, बादलीत करा' असं पत्रक गावातल्या यच्चयावत मराठी घरांत टाकलं होतं. काकूंनी ते नैवेद्याच्या ताटाखाली घातलं आणि मी गाठायच्या आत, पहाटेच, शाडूची मूर्ती घेऊन तळ्याचा किनारा गाठला. विसर्जनाआधी दागिने उतरवायचे असतात. घाईत मुकुट काढला, हार काढला, आणि दूर्वा देवाच्या डोक्यावर तशाच राहिल्या. काठच्या घोटाभर पाण्यात शाडू विरघळला, दूर्वा वाळूत. खापर अर्थातच माझ्यावर. "तुझ्या धाकाने घाई झाली," असं काकू अजून चारचौघांत सांगतात.

काका म्हणाले, दुसऱ्या करून घेऊ. काका हूफडॉर्पच्या ऑफिसात असतात, आणि घरी असले तरी तिथेच असतात. सासूबाई पुण्याहून एरवी मुलापुरता फोन करायच्या. आता त्या दर रविवारी काकूंनाच फोन करून विचारू लागल्या, "सापडल्या का गं?"

मग मशीनची निवड. ती काकूंनी प्रेशर कुकर निवडावा तशी केली. नवीन घ्यायचं नाही हे आधीच ठरलेलं. महिनाभर सेकंडहँडच्या जाहिराती वाचल्या आणि वीकएंडला काकांना गाडी काढायला लावून घरोघर फिरल्या. बरोबर पिशवीत चांदीची वाटी, एक खिळा आणि बाटलीचं झाकण. विकणाऱ्याच्या अंगणात तिन्ही वस्तू गवतात ठेवायच्या आणि मशीन फिरवायचं. पहिलं मशीन तिन्हींवर सारखंच किंचाळलं. "ह्याला सगळंच सोनं वाटतं," म्हणून नापास. दुसऱ्याला एवढे आकडे आणि पडदे की काकूंनी विकणाऱ्याला सांगितलं, मला दूर्वा शोधायच्या आहेत, स्खिपोलवर विमान उतरवायचं नाही. तिसरं उचलताना खांदा दुखला. चौथं उइटहॉर्नला एका निवृत्त माणसाकडे मिळालं. हलकं, चकती पाण्यात बुडाली तरी चालणारी, लोखंडाला घोगरं आणि चांदीला बारीक गाणारं. किंमत जुन्या सायकलीएवढी. काकूंनी घासाघीस करून त्यात एक छोटं फावडंही पदरात पाडून घेतलं. ही घासाघीस डच भाषेत झाली. परीक्षेपुरतं शिकून नंतर घडी करून ठेवलेलं डच, त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढलं.

चालवायची पद्धतही त्यांचीच. नवखे लोक मशीन झाडूसारखं हवेत उडवतात. काकू म्हणतात, सारवल्यासारखं फिरवायचं, जमिनीला लागून, सावकाश, एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढवत. सावकाश फक्त हात. बाकी काकूंना क्षणभर चैन नसतं. आता तिकडे, मग पुन्हा इथे, मध्येच वारा कुठून येतोय ते बघ, मध्येच डब्यातला लाडू माझ्या तोंडात कोंब. मशीन वाजलं की मी म्हणते, काकू, झाकण आहे. त्या बोट वर करतात आणि म्हणतात, "ऐकून तर घेऊ."

हे त्यांचं पालुपद. झाकण असो, चमचा असो, तंबूची खुंटी असो. निघालेला माल श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जातो. किल्ल्या निघाल्या तर त्या कुंपणाच्या खांबावर अडकवतात, कुणाच्या तरी असतील म्हणून. आमच्या गटाने वर्षभरात काढला नसेल एवढा कचरा या बाईने एका हिवाळ्यात किनाऱ्यावरून काढला, आणि एकही पत्रक न लिहिता. याचा मला राग यायचा. तरी मी जायचे. खड्डे बुजवतात की नाही, यावर लक्ष ठेवायला.

तिथे रोज एक उंच डच आजोबा कुत्रा घेऊन येतात. थांबतात आणि विचारतात, काही सापडलं का? काकू हेडफोन खाली घेऊन म्हणतात, "नॉख नीट." म्हणजे अजून नाही. मग आजोबांचा गुडघा, कुत्र्याचं पोट, या देशातला पाऊस, असं सगळं सावकाश होतं. मी इथे शाळेपासून आहे. ओळखदेख नसलेल्या माणसाने मला रस्त्यात थांबवून गुडघा सांगितलेला नाही.

परवानगी संपत आली तेव्हा ती वाढवून आणायला मीच नगरपालिकेत भांडले. काकूंच्या घराण्याची वस्तू आहे हो, सासूने दिलेली, पुण्यात म्हातारी डोळे लावून बसली आहे. मी असं बोलले की खिडकीमागची बाई हळवी झाली. मुदत वाढली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. काकूंची एक सवय होती. काम सुरू करण्याआधी त्या पाठ वळवून खिशातून गाठ मारलेला रुमाल काढायच्या, वाळूवर ठेवायच्या, वरून मशीन फिरवायच्या. मशीन बारीक गायचं. "ह्याला आठवण करून देते, काय शोधायचंय ते," म्हणायच्या. आत चांदीचं नाणं असेल, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी गार वारा होता, बोटं बधिर झाली होती. गाठ सुटली आणि आतली वस्तू माझ्या बुटाशी पडली. मी उचलली.

दूर्वांची जुडी. पात्यांच्या बेचक्यात अजून वाळू होती.

"कधी?" मी विचारलं.

"संक्रांतीच्या सुमाराला."

ईस्टर तोंडावर आलं होतं. माझ्या डोक्यात अख्खं पत्रक तयार झालं. नगरपालिकेची फसवणूक, सासूची फसवणूक, आणि मुख्य म्हणजे माझी. मी तोंड उघडलं. काकूंनी बोट वर केलं, पण ते पालुपद काही म्हटलं नाही.

"सांगितलं असतं तर संपलं असतं गं," त्या म्हणाल्या. "आई रविवारी फोन करतात. हे घरी आले की आधी विचारतात, सापडलं का. विचारतात म्हणजे माझ्याकडे बघून विचारतात. हे आजोबा थांबतात. इतकी वर्षं इथे आहे, मला रोज कुणी काही विचारलंय का?" मग रुमाल झटकत म्हणाल्या, "आणि तू तरी कशाला येतेस? खड्डे बघायला?"

जुडी मी मुठीत धरली. मी माणसांना हजारो पत्रकं दिली आहेत. प्रश्न एकही विचारलेला नाही.

तेवढ्यात कुत्रा आला, मागोमाग आजोबा. काकू पाठमोऱ्या होऊन नाक पुसत होत्या, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, काही सापडलं का?

मुठीत पात्यांची टोकं रुतत होती.

"नॉख नीट," मी म्हटलं.

आजोबांनी मान हलवली आणि गुडघ्याची हकिगत काल जिथे सोडली होती तिथून उचलली. काकू वळल्या, हेडफोन कानांवरून खाली घेतले आणि ऐकू लागल्या.